कोर्लईच्या भूशिरावर एक दिवस

(पिंपळे गुरव येथें ज्युबिली महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या समारंभांत व्याख्यान द्यावयाचें म्हणजे वक्त्यानें धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि सर्वांचें कल्याण चिंतून खालीं बसावें, असा परिपाठ आहे. तो इतिहास आमच्यापेक्षां जाणत्या मंडळींनीं ह्या प्रसंगीं सांगितलेलाच आहे. म्हणून आम्हीं आज निराळा विषय घेतला आहे. गेल्या हिंवाळ्यांत आपल्या धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबें एका दिवसाच्या सहलीसाठीं रेवदंडा व कोर्लई येथें गेलीं होतीं. तेथें आम्हीं काय पाहिलें, आणि एका मुलाच्या प्रश्नानें आम्हां वडीलधाऱ्यांस कसें निरुत्तर केलें, तें आपणांपुढें मांडावयाचें आहे. विषय सहलीचा असला तरी तो ज्युबिलीस सोडून नाहीं, हें शेवटीं आपल्या ध्यानांत येईल अशी आमची आशा आहे.

पहाटे साडेचार वाजतां पवनेच्या कांठावरून आमची बस निघाली. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ ह्या वाटेनें अलिबाग, आणि तेथून दक्षिणेस चौल व रेवदंडा, असा सुमारें दीडशें किलोमीटरांचा हा रस्ता आहे. घाटांत अंधार होता, तोंवर जपमाळेचीं पांच रहस्यें म्हणून झालीं. उजाडलें तेव्हां दोहों बाजूंस भाताचीं रिकामीं खाचरें आणि पुढें मिठागरें दिसूं लागलीं. आमच्यापैकीं बहुतेक मंडळी देशावरचीं. बाजरी, ज्वारी आणि अवर्षण ह्यांच्या मुलुखांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांस समुद्राचा पहिला वारा लागतांच काय वाटतें, तें शब्दांनीं सांगणें कठीण आहे. मुलें तर खिडक्यांतून बाहेर डोकावून "दिसला का, दिसला का" असा गजर करूं लागलीं.

प्रथम आलें चौल. आज हें नारळीपोफळींच्या वाड्यांत लपलेलें एक शांत गांव आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक दर्यावर्दी ह्याच बंदरास 'सेमुल्ला' म्हणत असत, आणि पुढें अरब प्रवासी त्यास 'सैमूर' म्हणूं लागले. इ. स. ९१५ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब इतिहासकार येथें येऊन गेला, तेव्हां येथें परदेशी व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती.

ह्या बंदराशीं निगडित असलेल्या एका ख्रिस्ती मनुष्याची हकीगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. रशियांतील त्वेर नगरचा अफनासी निकितिन नांवाचा व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास एक घोडा बरोबर घेऊन चौलास उतरला. वास्को-द-गामा कालिकतला येण्यापूर्वीं जवळजवळ तीस वर्षें ही गोष्ट घडली. चौलाहून तो पालीच्या मार्गानें जुन्नरास गेला, आणि पावसाळा त्यानें तेथेंच काढिला. जुन्नर म्हणजे आपल्याच पुणें जिल्ह्यांतील जुन्नर. तेथील सुभेदारानें त्याचा घोडा काढून घेतला. "आमचा धर्म स्वीकारशील तर घोडा परत देऊं आणि वर एक हजार सुवर्णमुद्रा देऊं, न स्वीकारशील तर घोडा जाईल आणि तितकाच दंडहि भरावा लागेल," अशा आशयाची धमकी त्यास मिळाली. एका भल्या खुरासानी गृहस्थानें रदबदली केली म्हणून तो सुटला आणि त्याचा घोडाहि त्यास परत मिळाला.

परंतु निकितिनाचें खरें दुःख घोड्याचें नव्हतें. प्रवासाच्या आरंभींच लुटारूंनीं त्याचीं धर्मपुस्तकें नेलीं होतीं. त्यामुळें उपवासकाळ केव्हां लागला, पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशीं आला, हें त्यास कळेना. जवळ देऊळ नाहीं, धर्मगुरु नाहीं, एकहि सहधर्मी नाहीं. तो अंदाजानें दिवस मोजी, अंदाजानें उपवास करी, आणि आपली ही तळमळ त्यानें आपल्या प्रवासवृत्तांतांत पुनःपुन्हां लिहून ठेविली आहे. परतीच्या वाटेवर, स्वनगरास पोहोंचण्यापूर्वींच, स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. तेथें उभे असतां आमच्या मनांत आलें कीं, ज्याच्याजवळ कांहींहि उरलें नव्हतें तो दिवस मोजीत राहिला; आणि आमच्या तर भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते, तरी उपवासाचा शुक्रवार आमच्या ध्यानांत राहात नाहीं.

चौलाचा जो भाग पोर्तुगीजांच्या हातीं होता, तो हा रेवदंडा. इ. स. १५०८ मध्यें चौलासमोरच्या आरमारी लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा ह्याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. पुढें १५२१ सालीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीनें पोर्तुगीजांनीं येथें किल्ला बांधावयास आरंभ केला. पाहतां पाहतां तटाच्या आंत एक नगरच वसलें. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघीय ह्या चारहि संघांचीं देवळें व मठ तेथें उभे राहिले. आज तट बहुतांशीं शाबूत आहे; मात्र आंतील नगर नाहींसें होऊन त्याच्या जागीं वाड्या झाल्या आहेत. पोफळीच्या सावलींतून चालावें आणि एकाएकीं समोर एखादी उंच कमान यावी, तिच्यामागें छप्पर नाहीं, वेदी नाहीं, केवळ आकाश, असा देखावा तेथें पदोपदीं दिसतो. संत बार्बरा हिच्या नांवाच्या मठाचा मनोरा, ज्यास गांवकरी 'सातखणी' म्हणतात, त्याचे वरचे मजले केव्हांच ढांसळले आहेत. उरलेला भाग मात्र अद्यापहि माडांच्या वर डोकें काढून उभा आहे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पाय ह्या गांवास लागले होते अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या नांवाचें एक लहानसें प्रार्थनामंदिर तेथें दाखवितात.

आमच्या बरोबरच्या एका भगिनीनें पडक्या देवळांत, वेदी असावी त्या जागीं, गवत बाजूस सारून एक मेणबत्ती लाविली. समुद्राच्या वाऱ्यानें ती दोनदां विझविली. तिसऱ्या वेळीं तिच्या सासूबाईंनीं दोन्ही हातांचा आडोसा धरिला, आणि आम्ही सर्वांनीं "हे आमच्या स्वर्गींच्या बापा" ही प्रार्थना म्हटली. त्या भिंतींनीं ती प्रार्थना लाटिन भाषेंत शेंकडों वर्षें ऐकिली असेल. मराठींत ती तेथें क्वचितच झाली असेल, असें आम्हांस त्या वेळीं वाटून गेलें.

रेवदंड्याहून खाडीवरचा पूल ओलांडला कीं कोर्लई. कुंडलिका नदी येथें समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाशीं दक्षिणेच्या बाजूनें एक अरुंद डोंगर समुद्रांत शिरला आहे. पोर्तुगीज त्यास 'मोरो' म्हणत. त्यांच्या भाषेंत अशा उंचवट्याच्या भूशिरास तोच शब्द आहे. उंची सुमारें तीनशें फूट. दीपगृहाजवळून पायऱ्या आहेत. आम्ही दुपारच्या आंत चढून गेलों. किल्ला डोंगराच्या कण्यावर सुमारें अर्धा मैल लांब पसरला आहे. मधून मधून आडवे तट, दरवाजे, पावसाच्या पाण्याचें एक मोठें टाकें, आणि एक छप्पर उडालेलें देऊळ. बुरुजांना पोर्तुगीजांनीं संतांचीं नांवें दिलीं होतीं. मराठ्यांच्या अमलांत तीं बदललीं. टोकाच्या बुरुजावर उभें राहिलें म्हणजे पश्चिमेस उघडा समुद्र, पूर्वेस खाडीचें शांत पाणी, उत्तरेस पलीकडच्या तीरावर रेवदंड्याचा तट आणि माडांचें दाट रान, अशी सृष्टीची शोभा एकाच दृष्टिक्षेपांत दिसते. खालीं खडकांवर लाट फुटे, तिचा आवाज वर येईपर्यंत दुसरी लाट उठलेली असे. वृद्ध मंडळींहि कांहीं वेळ निःशब्द झालीं.

जेवणें झाल्यावर आम्हीं मुलांस ह्या डोंगराचा इतिहास सांगितला. चौलाच्या तोंडावर असलेला हा डोंगर ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं बंदर. १५७० सालीं अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानें मोठ्या सैन्यानिशीं चौलाला वेढा घातला. तो १५७१ पर्यंत चालला, पण चौल पडलें नाहीं. पुढें दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें ह्याच भूशिरावर किल्ला उभारिला आणि येथून चौलावर तोफा डागल्या. तेव्हां १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं चाल करून डोंगर घेतला, आणि येथें मोठी कत्तल झाली. १६८३ सालीं संभाजी महाराजांनीं चौलावर हल्ला केला. शेवटीं १७३९ सालीं, ज्या वर्षीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली त्याच वर्षीं, मराठ्यांच्या सैन्यानें कोर्लई जिंकिली. आणि १७४० च्या तहानें चौलहि मराठ्यांकडे आलें.

हें ऐकत असतां पांचवींत शिकणारा एक मुलगा एकदम म्हणाला, "काका, मग आपण कुठल्या बाजूला होतों? किल्ल्याच्या आंत कीं बाहेर?"

कोणी लगेच बोललें नाहीं. मग एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "आंत. देऊळ आंत आहे ना?" त्यावर दुसरे म्हणाले, "असें कसें? आपण मराठी माणसें. आपण बाहेर." दोघेहि हंसले, पण मुलगा हंसला नाहीं. तो आमच्याच तोंडाकडे पाहात होता. आम्हीं त्यास म्हटलें, "बाळा, खालीं गांवांत जाऊन येऊं, मग सांगूं." खरें सांगावयाचें तर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न त्या मुलाचाच आहे असें समजूं नका. आपणां मराठी कॅथोलिकांस हा प्रश्न शाळेंत, कारखान्यांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, कधीं थट्टेनें तर कधीं रागानें, विचारला गेलेला आहे. "तुम्ही नक्की कोणाचे?" म्हणून त्याचें उत्तर आपण प्रामाणिकपणें शोधिलें पाहिजे.

प्रथम इतिहासाची साक्ष घेऊं. चौलास वेढा घालणारें १५७० चें सैन्य कोठलें? अहमदनगरचें. १५९४ सालीं कोर्लईच्या डोंगरावर ज्यांचें रक्त सांडलें तें सैन्य कोठलें? तेंहि अहमदनगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें. आणि आपल्यांतील किती कुटुंबांचीं मूळ गांवें राहुरी, संगमनेर, नेवासें, श्रीरामपूर ह्या तालुक्यांत आहेत, हें येथें कोणास सांगावयास नको. आपले पूर्वज त्या सैन्याबरोबर भाला घेऊन आले असतील, किंवा बैल हांकीत, किंवा दारूगोळ्याचीं ओझीं वाहात आले असतील, हें अगदीं संभवनीय आहे. तेव्हां केवळ वंशाचा हिशेब केला तर त्या मुलास उत्तर द्यावें लागेल: "बाळा, आपण बाहेर होतों." ज्यांनीं ते तट बांधले ते आपल्या श्रद्धेचे होते, आणि ज्यांनीं ते फोडले ते आपल्या रक्ताचे होते. दोहोंपैकीं एकास नाकारून आपली सुटका होणार नाहीं.

तटाच्या आंतील लोकांविषयींहि सत्य तेंच सांगितलें पाहिजे. त्यांच्याबरोबर सुवार्ता आली हें खरें. परंतु त्याच जहाजांतून तोफा आल्या. समुद्रांतून जाणाऱ्या परक्या गलबतांवर परवान्याची सक्ति आली. गुलामांचा व्यापार आला. गोव्यांत १५६० पासून, मधलीं थोडीं वर्षें सोडून, १८१२ पर्यंत धर्मन्यायालय चाललें. लोकांचीं देवालयें पाडलीं गेलीं. १६८४ सालीं गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें असें फर्मान निघालें. हें सर्व लपवून ठेवणें ख्रिस्ती मनुष्यास शोभणार नाहीं. सन २००० च्या महान ज्युबिली वर्षांत, १२ मार्च रोजीं, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं ख्रिस्तसभेच्या लेकरांनीं सत्याच्या नांवाखालीं केलेल्या जुलुमाबद्दल, आणि इतर लोकांच्या संस्कृतींची व धर्मांची जी अवहेलना झाली तिजबद्दल, परमेश्वराची उघड क्षमा मागितली. ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई नव्हे, हें त्यांनीं जगास दाखवून दिलें.

त्याच काळांत दुसरी वाटहि होती, हेंहि तितकेंच खरें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले, त्यांनीं येथील भाषा आपलीशी केली, आणि १६१६ सालीं त्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवींत छापून निघालें. रेवदंड्याचीं देवळें कोसळलीं. तें पुराण मात्र आजहि वाचलें जातें.

असो. आम्ही डोंगर उतरून कोर्लई गांवांत आलों. येथें कार्मेल मातेच्या नांवाचें देऊळ आहे, आणि तें पडकें नाहीं. तेथें मिस्सा होते, स्नानसंस्कार होतात, लग्नें लागतात. १७४० नंतर पोर्तुगीज अधिकारी, त्यांचे शिपाई, मठांतील पाद्री निघून गेले. जे मागें राहिले ते बहुतेक सामान्य शेतकरी लोक. त्यांच्यामागें ना राजसत्ता, ना तोफा, ना धनाढ्य मठ. माणसांच्या हिशेबानें दोन पिढ्यांत त्यांचा मागमूस नाहींसा व्हावयास हवा होता. परंतु तसें झालें नाहीं. त्यांची श्रद्धा राहिली, आणि तिच्याबरोबर आणखी एक विलक्षण वस्तु राहिली: त्यांची घरची बोली.

ही बोली चौलाच्या तटांत पोर्तुगीज शिपाई, त्यांच्या घरांतील येथल्याच स्त्रिया, चाकर आणि गुलाम ह्यांच्या व्यवहारांतून सोळाव्या शतकांत जन्मास आली. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण काळाच्या ओघांत मराठीची झाली आहे. क्रियापद आपल्याप्रमाणेंच शेवटीं येतें. गांवकरी तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असें म्हणतात. जोसेफ क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषापंडितानें तिचा अभ्यास करून १९९६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणारे लोक हजाराच्या आंतबाहेरच आहेत. पोर्तुगालशीं संबंध तुटून पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. शाळा मराठी, बाजार मराठी, कचेरी मराठी. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनाहि मराठींत होऊं लागली. तरी ही भाषा घरांत जिवंत राहिली.

एका पडवींत एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्हीं पुण्याकडून आलों, आपल्याच धर्माचे आहों असें सांगतांच त्यांनीं बसावयास चटई टाकिली. आमच्यापैकीं एका तरुण मुलीनें विचारलें, "आजी, ही तुमची भाषा तुम्हांला कोणीं शिकवली? तिचें पुस्तक असतें का?"

त्या हंसल्या. "पुस्तक कुठलें, बाय? आईनें जपमाळ शिकवली, तशीच ही शिकवली. चुलीपाशीं."

"आणि आतां नातवंडें बोलतात का?"

"माझ्याशीं बोलतात. बाहेर गेलीं कीं मराठी." मग हातांतलें सूप खालीं ठेवून त्या म्हणाल्या, "मी आहें तोंवर बोलतील. पुढचें देवाला ठाऊक."

आमच्याबरोबरचा तो पांचवींतला मुलगा सारें ऐकत होता. आम्हांस वाटलें, डोंगरावर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ह्या पडवींत आहे. किल्ल्याच्या आंतले गेले, बाहेरचेहि गेले. निजामशाही गेली, पोर्तुगीज गेले, पेशवाई गेली, इंग्रज गेले. राहिलीं तीं चुलीपाशीं बसून लेकरांस प्रार्थना शिकविणारीं माणसें. देवाच्या दरबारीं एखाद्या बाजूस उभें राहावयाचें असेल तर तें ह्यांच्या बाजूस.

हें उत्तर आपल्या स्वतःच्या इतिहासांतहि लिहिलेलें आहे. आपल्या आजेपणजांना सुवार्ता तोफांबरोबर मिळाली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरु नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पायीं आणि घोड्यावर फिरले. केंदळ, वळण हीं नांवें आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असत. गांवकुसाबाहेर ज्यांस ठेविलें होतें, अशा लोकांच्या झोंपडीत ते बसले. १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें, तें इंग्रजींत नव्हे, जर्मनमध्येंहि नव्हे, तर आपल्या मराठींत. पुढें पहिलें महायुद्ध आलें. जर्मन धर्मगुरूंस इंग्रज सरकारनें स्थानबद्ध केलें आणि पुढें मायदेशीं धाडिलें. खेड्यांत महिनेच्या महिने मिस्सा मिळेना. त्या काळांत श्रद्धा कोणीं सांभाळिली? धर्मशिक्षक मास्तरांनीं, आणि आपल्या आजीपणजींनीं. जोंधळ्याच्या राशीपाशीं, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडांत, ज्यांस एकहि अक्षर वाचतां येत नव्हतें त्या मातांनीं संपूर्ण जपमाळ आणि पश्चात्तापाची प्रार्थना मुलांकडून पाठ करून घेतली. कोर्लईच्या चुलीपाशीं जें झालें तेंच नगरच्या चुलीपाशीं झालें.

नंतर आपण ह्या उद्योगनगरींत आलों. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, मागोमाग इतर कारखाने आले; १९७२ च्या दुष्काळानें तर गांवें रिकामीं केलीं. येथें आपण पाळ्या केल्या, घरें बांधलीं, मुलांस शिकविलें, आणि पवनेच्या कांठीं हा धर्मग्राम उभा राहिला. त्याचा आपणांस अभिमान आहे, आणि असावाहि.

परंतु परतीच्या प्रवासांत आम्हांस एक गोष्ट टोचूं लागली. पेण सोडल्यावर संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली. मोठ्यांनीं मराठींत आरंभ केला. अर्ध्या मुलांस ती येईना. तीं इंग्रजींत म्हणूं लागलीं, मग दोन्हीकडचीं थांबलीं. आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात, त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. इंग्रजीनें पोट भरतें, आणि देवास सर्व भाषा कळतात. प्रश्न देवाचा नाहीं, आजीचा आहे. नातू ज्या भाषेंत प्रार्थना करितो ती आजीस कळत नसेल, आणि आजी ज्या भाषेंत मरतेवेळीं प्रार्थना करील ती नातवास म्हणतां येत नसेल, तर त्या घराच्या मधोमध एक तट उभा राहिला असें समजा. तो पाडण्यास कोणताहि चिमाजी अप्पा येणार नाहीं.

भाषा किती चिवट असते तें पाहा. ज्या पोर्तुगीजांस आपण समुद्रापार घालविलें, त्यांचे शब्द आपल्या ओठांवर आहेत. चावी, बटाटा, पाव, घमेलें हे त्यांचेच. आपला 'पाद्री', आपला 'क्रूस', आपली 'मिस्सा' त्यांचीच. आणि ज्या 'नाताळा'च्या शुभेच्छा आपले हिंदु व मुसलमान शेजारी आपणांस देतात, तो शब्दहि त्यांचाच. महिन्याच्या एक तारखेस पिंपरीचा कामगार ज्याची वाट पाहातो तो 'पगार'हि पोर्तुगीजच. तट पडले, तोफा गंजल्या, आणि रोजच्या तोंडचा शब्द तेवढा टिकला.

म्हणून ज्युबिलीनिमित्त आमची आपणांस एक नम्र विनंति आहे. नवी फरशी, नवी घंटा, नवा सभामंडप, हें सर्व होवो. आम्हींहि यथाशक्ति वर्गणी दिली आहे. परंतु रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्यापेक्षां मजबूत इमारत आपण कांहीं बांधणार नाहीं, आणि तो मनोराहि अर्धा पडला. म्हणून ह्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें तीन लहान गोष्टी कराव्या. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या तोंडून आपल्या घराण्यांत पहिला स्नानसंस्कार कोणाचा, कोठें, कोणाच्या हातून झाला, तें विचारून वहींत लिहून ठेवावें. आजीच्या तोंडच्या प्रार्थना आणि भजनें, मुलांच्याच हातून, उतरून घ्यावीं. आणि आठवड्यांतून निदान एक दिवस जपमाळ मराठींत म्हणावी, तींत एक रहस्य मुलानें आणि एक आजीआजोबांनीं चालवावें. ह्यास पैसा लागत नाहीं. मात्र उशीर चालणार नाहीं. वह्या कोऱ्या राहतील आणि सांगणारीं माणसें निघून जातील.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा नियम सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, आणि प्रत्येकानें आपापल्या वतनास परत जावें. ज्यांच्या पूर्वजांस वतन नव्हतेंच, गांवकुसाबाहेरची जागाच ज्यांच्या वांट्यास आली होती, त्या आपण कोठें परत जावें? आम्हांस वाटतें, आपलें वतन ती चूल आणि ती जपमाळ. तेथें परत जाणें हीच आपली ज्युबिली.

त्या मुलास आम्हीं बसमध्यें उत्तर दिलें. खंडाळ्याच्या घाटांत गाडी चढत होती आणि इतर मुलें झोंपीं गेलीं होतीं. आम्हीं म्हटलें, "बाळा, तूं विचारलेंस ना, आपण आंत होतों कीं बाहेर? आपण कदाचित् बाहेर होतों. पण आज आपण त्या तांदूळ निवडणाऱ्या आजींच्या बाजूचे आहों."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मला ती संध्याकाळची प्रार्थना लिहून द्याल का? मराठींत. माझ्या आजीला येते, पण मी तिला कधीं विचारलीच नाहीं."

आम्हीं म्हटलें, "आम्ही लिहून देणार नाहीं. घरीं जाऊन आजीलाच विचार."

प्रभु येशू ख्रिस्त आपल्या घराघरांतील ती चूल आणि तो दिवा जतन करो, आणि पवित्र मरियामाता आपल्या लेकरांवर आपल्या पदराची सावली धरो. आमेन.